टोन नॉबमागचा कपॅसिटर: २२ घ्यावा की ४७?

गिटार उघडायच्या आधी एक काम करा. ती ॲम्पला लावा, रोजच्यासारखी पंधरा मिनिटं वाजवा आणि मग मान खाली घालून बघा, टोनचा नॉब कितीवर आहे. तो १० वर असेल आणि गेले सहा महिने तिथून हललाच नसेल, तर कपॅसिटर बदलून तुमच्या आवाजात ऐकू येण्याजोगा फरक पडणार नाही. २२ नॅनोफॅरडचा (हे कपॅसिटरचं माप) घाला, ४७ चा घाला, जुन्या काळातला तेलकागदी घाला; १० वर सगळे सारखेच. हे मला कुणी सुरुवातीलाच सांगितलं असतं तर कपॅसिटरांनी भरलेली एक डबी आज माझ्या खणात धूळ खात पडली नसती.

नॉब फिरवणाऱ्यांची गोष्ट वेगळी. नॉब ३ च्या खाली गेला की हाच नखाएवढा तुकडा ठरवतो, आवाज मऊ होणार, नाकात बोलणार, की अंगावर गोधडी घेतल्यासारखा बद्द होणार. तेव्हा आधी तो नेमकं काय करतो ते पाहू, मग पक्का डाख न देता वेगवेगळे आकडे कानांनी तपासू आणि आवडेल तो शेवटी जागेवर बसवू.

हे सगळं बॅटरी नसलेल्या साध्या गिटारबद्दल आहे. तुमच्या गिटारमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असेल तर पिकअप, म्हणजे तारांची कंपनं सिग्नलमध्ये बदलणारा भाग, ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणारा) असण्याची शक्यता मोठी. तिथे पॉट, म्हणजे नॉबखालचे फिरते रोध, बहुधा २५ किलोओहमचे असतात आणि कपॅसिटर १०० नॅनोफॅरडच्या आसपासचा. खालचे आकडे तिथे लावू नका.

आत काय चालतं

टोन कंट्रोलमध्ये वस्तू दोनच: एक पॉट, म्हणजे फिरवून कमीजास्त करता येणारा रोध, आणि एक कपॅसिटर. दोन्ही एकापुढे एक जोडलेले. पिकअपकडून जॅककडे जाणाऱ्या सिग्नलला एक फाटा फुटतो, तो या दोघांमधून जातो आणि ग्राउंडला मिळतो. या फाट्याने जे गेलं ते ॲम्पपर्यंत पोचत नाही. टोन कंट्रोल आवाजात काही भर घालत नाही, तो फक्त गळती करतो.

पॉट ही तोटी समजा आणि कपॅसिटर ही गाळणी. किती गळायचं ते तोटी ठरवते, काय गळायचं ते गाळणी. कपॅसिटरचा स्वभाव असा की वेगवान कंपनांना तो सहज वाट देतो आणि संथ कंपनांना अडवतो. २२ नॅनोफॅरडचा कपॅसिटर १०० हर्ट्झला सुमारे ७२ किलोओहमचा अडथळा करतो, १००० हर्ट्झला ७.२ चा आणि ५००० हर्ट्झला जेमतेम दीडचा. ४७ चा घेतलात तर प्रत्येक ठिकाणी अडथळा निम्म्याहूनही थोडा कमी. १००० हर्ट्झला ३.४ किलोओहम.

आता नॉब १० वर आहे असं धरा. फाट्यात पॉटचा पूर्ण रोध उभा आहे: २५० किंवा ५०० किलोओहम. त्या २५० च्या पुढे ७ आले काय नि ३ आले काय! तोटी बंद असताना गाळणीची जाळी बारीक की मोठी, हे कोण बघतो? नॉब ५ वर आणलात की आवाज मऊ होतो, पण तोही पॉटमुळेच. तिथे अजून पंचवीस-तीस किलोओहम शिल्लक असतात आणि २२ व ४७ मधला फरक त्यांच्या सावलीत राहतो. खरा फरक उघडा पडतो तो खालच्या तिसऱ्या हिश्श्यात. ० वर पॉट संपतो आणि कपॅसिटर एकटा उरतो.

म्हणून कपॅसिटरचा आकडा म्हणजे गिटारचा टोन नव्हे. नॉबचा प्रवास कुठे जाऊन संपणार, तेवढंच तो सांगतो.

नाकातला आवाज कुठून येतो

वरचे स्वर गळतात, एवढ्यावरच भागलं असतं तर प्रकरण सोपं होतं. पण पिकअप म्हणजे बारीक तारेचे हजारो वेढे. त्यांना इंडक्टन्स असतो, जो हेन्रीत मोजतात: साध्या सिंगल कॉइलला (एका वेटोळ्याच्या पिकअपला) साधारण २ ते ३ हेन्री, हंबकरला (दोन वेटोळ्यांच्या पिकअपला) ४ ते ५, जोरकस हंबकरला त्याहून बराच जास्त. इंडक्टन्स आणि कपॅसिटन्स एकत्र आले की एका ठराविक कंपनाला आवाज फुगतो आणि त्याच्या वर झपाट्याने पडतो. या फुगवट्याला मी उंचवटा म्हणतो. गिटारचा चेहरामोहरा बराचसा या उंचवट्यावर अवलंबून असतो.

नॉब १० वर असताना उंचवट्यासाठी लागणारा कपॅसिटन्स येतो मुख्यतः केबलमधून. साधी गिटार केबल मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास असते (पिकोफॅरड म्हणजे नॅनोफॅरडचा हजारावा भाग). ५ मीटरची केबल आणि पिकअपचे स्वतःचे थोडे, असे मिळून ६०० धरा. २.५ हेन्रीच्या पिकअपबरोबर उंचवटा येतो ४१०० हर्ट्झच्या जवळ. सिंगल कॉइलचा जो खणखणीतपणा आपण म्हणतो, तो हा. ४.५ हेन्रीच्या हंबकरला तोच उंचवटा ३००० च्या आसपास येतो, म्हणून हंबकर मुळातच जाड वाटतो.

नॉब १० वरून ५ कडे आणताना उंचवटा जागचा फारसा हलत नाही, फक्त चपटा होतो. शेवटच्या टप्प्यात मात्र गंमत होते. पॉट संपला की केबलच्या ६०० पिकोफॅरडच्या शेजारी २२,००० पिकोफॅरडचा कपॅसिटर थेट येऊन बसतो, आणि उंचवटा पुन्हा उगवतो, पण पार खाली. त्याच २.५ हेन्रीच्या पिकअपवर १० नॅनोफॅरडला तो १००० हर्ट्झच्या जवळ येतो, २२ ला ६८०, ४७ ला ४६५ आणि १०० ला ३२०.

हे आकडे गिटारच्या मानेवर ठेवून बघा, लगेच अर्थ लागतो. पहिली तार, म्हणजे सगळ्यांत बारीक, मोकळी वाजवली तर ३३० हर्ट्झ. तिच्या बाराव्या फ्रेटला ६५९. म्हणजे २२ च्या कपॅसिटरचा उंचवटा पहिल्या तारेच्या बाराव्या फ्रेटपाशी आहे, आणि १०० चा उंचवटा त्याच तारेच्या मोकळ्या स्वराच्याही खाली. मोठ्या कपॅसिटरवर टोन पूर्ण बंद करून वरच्या फ्रेटवर वाजवलेली तान कुठल्या कुठे बुडून का जाते, ते यातून कळतं.

आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा उमगली. उंचवटा जसजसा खाली जातो तसतसा तो बुटकाही होतो, कारण पिकअपच्या तारेचा स्वतःचा ६-७ किलोओहमचा रोध खाली जास्त जाचतो. १० वा १५ नॅनोफॅरडला उंचवटा ठळक असतो. वाह पेडल अर्ध्यावर दाबून ठेवल्यासारखा, थोडा नाकातला, पण बोलका आवाज येतो. १०० ला उंचवटा जवळजवळ उरतच नाही, नुसती घसरण उरते. म्हणून छोटा कपॅसिटर म्हणजे फक्त कमी बद्द, असं नाही. त्याची जातच वेगळी वाटते. क्रीम बँडच्या दिवसांत एरिक क्लॅप्टन गिब्सन गिटारचा टोन मिटवून आणि ॲम्प चांगला तापवून जो गोल, गाता आवाज काढायचा, ज्याला तो वूमन टोन म्हणायचा, त्यामागे हीच करामत आहे.

अंगावरचे आकडे वाचायला शिका

इथे नवखे सगळ्यांत जास्त गोंधळतात, कारण एकच माप तीन नावांनी फिरतं. ०.०२२ मायक्रोफॅरड, २२ नॅनोफॅरड आणि २२,००० पिकोफॅरड ही एकच गोष्ट आहे. मी नॅनोफॅरडमध्येच विचार करतो. शून्यं मोजावी लागत नाहीत.

छोट्या कपॅसिटरवर बहुधा तीन अंकी खूण असते. पहिले दोन अंक जसेच्या तसे घ्यायचे, तिसरा अंक सांगेल तितकी शून्यं पुढे लावायची, उत्तर पिकोफॅरडमध्ये येतं. २२३ म्हणजे २२ वर तीन शून्यं, २२,००० पिकोफॅरड, अर्थात २२ नॅनोफॅरड. ४७३ म्हणजे ४७, १०३ म्हणजे १०, १५३ म्हणजे १५, १०४ म्हणजे १००. आणि ४७२ म्हणजे ४.७, हा ४७३ च्या जागी चुकून लागला तर टोन नॉब अर्धवट काम करतोय असं वाटेल.

आकड्यांपुढचं अक्षर किती चूक चालेल ते सांगतं: जे म्हणजे ५ टक्के इकडेतिकडे, के म्हणजे १०, एम म्हणजे २०. एम खुणेचा २२ चा कपॅसिटर प्रत्यक्षात १७.६ पासून २६.४ पर्यंत काहीही असू शकतो आणि तरी तो कागदोपत्री बरोबर असतो.

याचा मला चांगलाच फटका बसला. एका संध्याकाळी मी दोन २२ चे कपॅसिटर आलटून पालटून ऐकत होतो. एक साधा सिरॅमिक, तपकिरी बिस्किटासारखा. दुसरा चांगला जाडजूड फिल्मचा. फिल्मचा स्पष्टपणे जास्त मोकळा वाटला. वहीत लिहूनही ठेवलं, दोनदा अधोरेखित करून. दुसऱ्या दिवशी मल्टीमीटरवर दोन्ही मोजले: फिल्मचा २१.४, सिरॅमिक २६ च्या वर. मी दोन पदार्थ ऐकत नव्हतो, दोन आकडे ऐकत होतो. कपॅसिटर मोजणारा मल्टीमीटर असेल तर तुलना करण्याआधी प्रत्येक तुकडा मोजा आणि चिकटपट्टीवर खरा आकडा लिहून त्याला डकवा.

पदार्थाचा वाद याच जागी मिटवून टाकतो. सिरॅमिक, पॉलिस्टर, पॉलिप्रॉपिलीन, तेलकागदी: खरं मोजमाप एकच असेल तर गिटारच्या टोन कंट्रोलमध्ये त्यांच्यात निवड करण्यासारखं काही नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. जुने कागदी कपॅसिटर वर्षानुवर्षांत ओल धरतात, गळू लागतात आणि त्यांचा आकडा सरकतो, म्हणून त्यांचा आवाज वेगळा येतो. त्यात जादू शोधू नये. अंगावर छापलेल्या ४०० किंवा ६०० व्होल्टलाही भुलू नका. ते व्हॉल्व्ह ॲम्पच्या कामाचे आकडे. पिकअपमधून येणारा सिग्नल एखाद-दुसऱ्या व्होल्टच्याही आत असतो, त्यामुळे ५० व्होल्टचा कपॅसिटर इथे आयुष्यभर पुरतो. फक्त अधिक-उणे खूण असलेला इलेक्ट्रोलिटिक प्रकार घेऊ नका. मी साधारणतः ५ टक्केवाला छोटा पॉलिस्टर फिल्म घेतो, कारण तो पिकगार्डखाली, म्हणजे गिटारच्या दर्शनी झाकणाखाली, मुकाट्याने बसतो.

आधी ऐका, मग डाख द्या

लेखातला सगळ्यांत उपयोगी भाग हा. याला लागेल: सोल्डरिंग आयर्न, दोन पातळ तारा वीतभर लांबीच्या, दोन क्रोकोडाइल क्लिप आणि ४.७, १०, १५, २२, ३३, ४७ व १०० नॅनोफॅरडचे प्रत्येकी एकेक कपॅसिटर.

पहिली पायरी: गिटार ॲम्पपासून सोडवा, आतल्या वायरिंगचा मोबाइलवर फोटो काढा. दोन फोटो, वेगवेगळ्या बाजूंनी. कोणती तार कुठे होती हे लक्षात राहील असं प्रत्येकाला वाटतं, राहत नाही.

दुसरी पायरी: जुना कपॅसिटर शोधा. त्याचा एक पाय टोन पॉटच्या कानाला (तार डाखायच्या पत्रीला) असतो आणि दुसरा बहुधा पॉटच्या पाठीला, म्हणजे ग्राउंडला. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या जुन्या वायरिंगमध्ये टोनचे नॉब दोन पण कपॅसिटर एकच, दोघांत वाटून घेतलेला. गिब्सनच्या लेस पॉल गिटारमध्ये प्रत्येक टोनला स्वतंत्र.

तिसरी पायरी: जुन्या कपॅसिटरचे दोन्ही पाय सोडवा. मोकळ्या झालेल्या दोन जागांवर तात्पुरत्या तारा डाखून त्या पिकगार्डच्या फटीतून किंवा मागच्या खाचेतून बाहेर काढा. बाहेरच्या टोकांना क्लिप लावा. मग झाकण दोन स्क्रूंवर नुसतं टेकवून ठेवा.

चौथी पायरी: क्लिपमध्ये एकेक कपॅसिटर धरून वाजवा. बाहेर लोंबणाऱ्या तारा थोडी घरघर पकडतील. तिच्याकडे दुर्लक्ष करा, त्या आत गेल्यावर ती जाईल. प्रत्येक कपॅसिटरला एकच ओळ वाजवा: सगळ्यांत जाड तारेवरून सुरू होऊन पहिल्या तारेच्या बाराव्या फ्रेटपर्यंत जाणारी. नॉब ०, मग २, मग ४, मग १०. आधी स्वच्छ आवाजावर, नंतर ॲम्प ताणून. ताणलेल्या आवाजावर बऱ्याचदा निकाल उलटतो: स्वच्छ आवाजावर फार बद्द वाटलेला ३३ चा कपॅसिटर तिथे जाडजूड आणि देखणा वाटू शकतो, कारण ॲम्प वरचे सूर स्वतःच परत तयार करून देतो.

पाचवी पायरी टाळू नका. कुणाला तरी क्लिप बदलायला बसवा आणि तुम्ही पाठ करून वाजवा. कोणता लागलाय हे माहीत नसताना आवडता आकडा तीनदा ओळखता आला, तर तो खरोखर तुमचा. २२ आणि ३३ मध्ये मी आजही अडखळतो. १० आणि ४७ मध्ये मात्र कुणीही अडखळणार नाही.

हवा तो आकडा हाताशी नसेल तर दोन जोडून तयार करा. शेजारी-शेजारी जोडले की बेरीज होते: २२ आणि १० मिळून ३२. एकापुढे एक जोडले की उत्तर दोघांहून लहान येतं. दोन ४७ चे मिळून साडेतेवीस. रोधांचं असतं त्याच्या बरोबर उलट.

कुठे कितीपासून सुरुवात करावी

परंपरा बघायची तर फेंडरची स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये आली तेव्हा तिच्यात १०० नॅनोफॅरड होते. पुढे ते ५० वर आणि नंतर २२ वर आले. म्हणजे ज्या गिटारच्या मूळ आवाजाची आपण आण घेतो, तिच्याच घरचा आकडा एक पंचमांशावर आला. गिब्सनच्या लेस पॉलमध्ये २२ चा आकडा घट्ट बसलेला आहे. गिब्सनने १९५९ मध्ये ईएस-३४५ वर व्हॅरिटोन नावाचा सहा खाचांचा फिरता स्विच दिला, ज्यात वेगवेगळे कपॅसिटर आणि एक कॉइल असते. आपण क्लिपांनी जे करतोय त्याचाच तो जरा गुंतागुंतीचा भाऊबंद.

पाठ्यपुस्तकी उत्तर असं: सिंगल कॉइल, २५० किलोओहमचे पॉट आणि ४७ चा कपॅसिटर, हंबकर, ५०० किलोओहमचे पॉट आणि २२ चा कपॅसिटर. सुरुवातीला ठीक आहे. माझा कल मात्र या दोन्हींपेक्षा लहान आकड्यांकडे. हंबकरचा इंडक्टन्स जास्त, त्यामुळे २२ वर उंचवटा ५०० हर्ट्झपर्यंत खाली येतो आणि मानेजवळचा पिकअप चिखलात रुततो. तिथे १५ किंवा १० घातला की नॉब ० पर्यंत नेऊनही शब्द कळतात. ब्रिजजवळचा (तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात तिथला) पिकअप मुळात टोकदार असतो. त्याला २२ किंवा ३३ सोसतो. टेलिकास्टरच्या ब्रिज पिकअपचा कर्कशपणा मोडायला मी ३३ वापरतो, पण तिथे नॉब क्वचितच ४ च्या खाली नेतो, त्यामुळे हा आकडा थोडा सवयीचाच म्हणायचा.

बेस गिटारला ४७ ते १०० चालतो. तिथे सूरच खालचे, त्यामुळे उंचवटा खाली आला तरी बिघडत नाही.

पॉटचा प्रकारही इथेच बघून घ्या, कारण कपॅसिटरच्या नावाने केलेल्या निम्म्या तक्रारी पॉटच्या असतात. पॉटच्या अंगावर ए २५०के असं असेल तर बहुधा लॉग (रोध असमान बदलणारा), बी २५०के असेल तर लिनिअर (समान बदलणारा). खात्री करायची तर पॉट सर्किटमधून सोडवून नॉब बरोबर मध्ये ठेवा आणि मोजा: लॉग पॉट साधारण २५ ते ४० किलोओहम दाखवेल, लिनिअर १२५. टोनला लिनिअर लावला तर १० पासून २ पर्यंत काही घडतच नाही आणि मग शेवटच्या बोटभर वळणात सगळा आवाज एकदम कोसळतो. अशा वेळी कपॅसिटर बदलत बसलात तर हाती काही लागणार नाही.

पक्का डाख

आकडा ठरला, आता तात्पुरत्या तारा काढून कपॅसिटर जागेवर बसवायचा. गिटारच्या अंगावर जुना जाड टॉवेल पसरा. उडालेला शिशाचा थेंब पॉलिशमध्ये डाग पाडतो आणि तो निघत नाही. डोळ्यांवर चष्मा असू द्या. खिडकी उघडी ठेवा.

पॉटच्या कानाला डाख देणं सोपं असतं, पाठीला देणं अवघड. पाठ म्हणजे धातूचा जाड पत्रा, तो आयर्नची सगळी उष्णता पिऊन टाकतो. लहान टोकाचं १५ वॅटचं आयर्न तिथे रडतं. ४० वॅटच्या पुढचं आणि रुंद टोकाचं हवं. पाठ बारीक पॉलिशपेपरने घासून चमकवा, आधी तिच्यावर एकटीवर सोल्डरचा पातळ थर चढवा, तो थंड होऊ द्या. मग कपॅसिटरचा पाय त्या थरावर टेकवा आणि वरून आयर्न दाबा. दोन-तीन सेकंदांत थर पुन्हा वितळतो, पाय आत बुडतो. आयर्न उचला आणि पाय गार होईपर्यंत हलवू नका. फुंकर मारायचा मोह होतो, मारू नका. चांगला डाख गुळगुळीत आणि कडेला पसरलेला दिसतो. गोळीसारखा उभा राहिला किंवा दाणेदार दिसला तर तो आतून चिकटलेलाच नाही, पुन्हा तापवा. सहा-सात सेकंदांत जमलं नाही तर थांबा, पॉट निवू द्या. सतत तापवत राहिलात तर आतली कार्बनची पट्टी खराब होते आणि नॉब खरखरायला लागतो.

कपॅसिटरचे पाय उघडे असतात. त्यांच्यावर तारेची सोललेली साल नळीसारखी चढवा, नाहीतर पिकगार्ड बंद करताना पाय वाकून शेजारच्या कानाला टेकतो. कपॅसिटर कुठल्या बाजूने लावला याने फरक पडत नाही, आणि पॉट आधी की कपॅसिटर आधी यानेही नाही. दोघे एकापुढे एक असले म्हणजे झालं.

झाकण लावण्यापूर्वी केबल जोडा, ॲम्प हळू आवाजात ठेवा आणि पिकअपच्या डोक्यावर स्क्रूड्रायव्हरने हलकेच टकटक करा. नॉब १० वर टकटक टणक ऐकू यायला हवी, ० वर मऊ.

जमलं नाही तर

नॉब ० वर नेताच आवाज पूर्ण बंद होतो: सिग्नल कपॅसिटरला वळसा घालून थेट ग्राउंडला जातोय. बहुधा पायाचं टोक कुठेतरी टेकलंय, पॉटच्या कडेला नीट बघा. नॉब फिरवून काहीच होत नाही: पाठीवरचा डाख कच्चा आहे, दहातल्या नऊ वेळा हेच. नॉब उलटा चालतो, म्हणजे १० वर मऊ आणि ० वर टोकदार: तार पॉटच्या दुसऱ्या टोकाच्या कानाला गेली आहे. मधला कान सोडून बाजूची जागा बदला. सगळं बरोबर आहे पण कायम घरघर येते आणि वाजवायच्या तारांना हात लावला तरी कमी होत नाही: काम करताना ब्रिजकडून येणारी ग्राउंडची तार सुटली असेल, पहिल्या पायरीतला फोटो आता उघडा.

आणि आवाज १० वरच आवडत नसेल, तर कपॅसिटरकडे परत येऊ नका. फार टोचत असेल तर लांब केबल लावून बघा, किंवा ५०० च्या जागी २५० चा पॉट घाला. दोन्हींनी उंचवटा हलतो किंवा बसतो. फारच मंद वाटत असेल तर उलट करा: छोटी केबल, मोठा पॉट, किंवा नो-लोड नावाचा पॉट, जो १० वर फाटा पूर्णपणे तोडून टाकतो. व्हॉल्यूम कमी केल्यावरच खणखणीतपणा जात असेल तर ते वेगळं दुखणं. त्यासाठी व्हॉल्यूम पॉटच्या दोन कानांमध्ये १ नॅनोफॅरडच्या आसपासचा छोटा कपॅसिटर लावतात. तो टोनच्या कपॅसिटरच्या वीस-बावीस पट लहान असतो, दोघांची अदलाबदल करू नका.

काढलेला जुना कपॅसिटर फेकू नका. चिकटपट्टीवर त्याचा मोजलेला आकडा, तो कोणत्या नॉबचा होता ते आणि तारीख लिहून गिटारच्या केसमध्ये ठेवा. नवा कंटाळवाणा वाटायला महिनाभर लागतो, आणि तोपर्यंत आधी काय होतं ते कुणालाच आठवत नसतं.